हिरोला खात नाहीत

त्या घरात रोज सकाळी संडासाच्या दाराबाहेर सभा भरायची. आत असायची सहा वर्षांची ठकू आणि बाहेर घरातली चारही मोठी माणसं. आजोबा स्टुलावर बसून, आजी दाराला कान लावून, पप्पा अर्ध्या गालाला साबण फासून आणि ठकूची आई कामावर जायची पर्स खांद्याला अडकवून. "झाली का गं?" असं कुणीतरी विचारायचं. आतून बारीक आवाजात "नाही" यायचं. मग कण्हणं यायचं, मग रडणं यायचं, आणि सभा कुठलाही ठराव न करता बरखास्त व्हायची.

आता बद्धकोष्ठ कुठल्या घरात नसतं, त्याचं एवढं काय, असं कुणीही म्हणेल. एवढं असं, की ठकूची आई आहारतज्ज्ञ होती. तीही चांगली नाव काढलेली. दवाखान्यात तिच्या खोलीबाहेरची बाकं कधी रिकामी नसत. पेशंट तिला ताई म्हणत, आपणही तेच म्हणू. त्यांच्या खुर्चीमागे भिंतभर फळांचं चित्र होतं आणि त्या चित्राकडे पेनाने दाखवत ताई रोज तेच ते, पण रोज तितक्याच जोरात सांगायच्या.

"रस नको. रस गाळला की चोथा गेला आणि मागे उरली साखर. फळ चावून खा. सफरचंद सालीसकट. संत्र्याच्या त्या पांढऱ्या शिरा काढत बसू नका, त्या पोटासाठीच असतात. रोज दोन-तीन फळं पोटात गेली, वर पाणी प्यायलं, की पोटाला निराळं औषध बहुतेकदा लागत नाही."

एकदा एका जाडजूड कंत्राटदाराने सगळं मन लावून ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "ताई, तुमच्या घरी मग फळांची चंगळच असेल?"

ताईंना एकदम खोकला आला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "हो, फळं असतात ना घरात." त्यात तसं खोटं काहीच नव्हतं. फळं घरात असत. भरपूर असत. ती कुणी खात नसे, एवढंच. आणि ठकू तर फळाला जिभेचं टोकसुद्धा लावत नसे.

ह्या प्रकाराचं मूळ आजोबांच्या धंद्यात होतं. आजोबांनी सारी हयात फळं सजवण्यात घालवली होती. जाहिरातीत जे लालबुंद सफरचंद दिसतं, ज्याच्या गालावर पाण्याचा एकच थेंब थांबलेला असतो, ते सफरचंद तसं बसवणारा माणूस म्हणजे आजोबा. तो थेंब पाण्याचा नसतो, ग्लिसरीनचा असतो. चमक असते ती कसल्याशा फवाऱ्याची. मागून टाचण्या असतात, आतून कापूस असतो. स्टुडिओत फळांच्या पेट्या आल्या की आजोबा आधी निवड करत. सगळ्यात देखणं फळ म्हणजे 'हिरो'. दिवे लावेपर्यंत त्याच्या जागी बसायचं ते 'डमी'. आणि डागाळलेलं, चेपलेलं, वाकडं निघालं ते 'नापास'. हिरोला आजोबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि आजोबासुद्धा लावायचे तो हातमोजे घालून. बोटाचा ठसा उमटला तर दिवस वाया. निवृत्त होण्याआधी ते कधीकधी ठकूलाही बरोबर स्टुडिओत न्यायचे.

काम आटोपल्यावर हे हिरो कधीमधी घरी यायचे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आजीने असला एक हिरो कौतुकाने चावला होता. त्यानंतर दोन दिवस तिला कशाचीही चव लागली नाही, आणि नवऱ्याशी ती बोललीही नाही. त्या दिवसापासून घरात कायदा झाला, टोपलीतल्या फळाला तोंड लावायचं नाही. ताईंचा नवरा ह्याच कायद्यात लहानाचा मोठा झाला. लग्न ठरताना त्याने त्यांना सगळं सांगितलं होतं, "आमच्याकडे सगळं खातात, फक्त फळं नाही." तेव्हा ताईंना ती गंमत वाटली होती. फळं विकत आणून ताटात ठेवली की चार दिवसांत सगळे सुधारतील, असा त्यांचा हिशेब होता.

कुणी सुधारलं नाही. ताई फळं आणायच्या आणि आजोबा, निवृत्त झाले तरी हाताची सवय जाते कुठे, ती पुसून पुसून टोपलीत रचायचे. मोठी मागे, लहान पुढे, चांगली बाजू खिडकीकडे. टोपली इतकी देखणी दिसायची की त्यातलं एखादं उचलायचं म्हणजे भिंतीतली वीट काढल्यासारखं वाटायचं. मग फळं तशीच सुरकुतायची आणि ताई ती मुकाट्याने टाकून द्यायच्या. फळांच्या बाबतीत नवऱ्याला त्यांनी सोडून दिलं होतं. दवाखान्यात कित्येक नवरे त्यांना असेच सोडून द्यावे लागत. पण ठकूचं काय?

ठकूसाठी ताईंनी काय काय केलं नाही! केळ्याला डोळे लावले, सफरचंदाचा ससा केला, संत्र्याच्या फोडींची होडी केली. ठकू टाळ्या वाजवायची, ससा सगळ्यांना दाखवून आणायची आणि परत ताटात आणून ठेवायची. मग ताईंनी गनिमी कावा सुरू केला. लापशीत केळं कुस्करलं. ठकूने पहिला घास तोंडात घेतला, आईकडे रोखून पाहिलं आणि घास होता तसा बाहेर काढला. भिजवलेल्या काळ्या मनुका दिल्या, तर म्हणे ह्या माश्या आहेत. बालरोगतज्ज्ञांनी औषध दिलं होतं, त्याने तेवढ्यापुरतं व्हायचं. पण तेही शेवटी म्हणाले, "मुलगी दुखतं म्हणून धरून ठेवते आणि धरून ठेवते म्हणून आणखी दुखतं. औषध मी देतो हो, पण हिच्या पोटात फळ जाऊ द्या. हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

नव्हतंच पाहिजे. ताई तोंड पाडून घरी आल्या. दाराआडचं ते रडणं ऐकून त्यांच्या पोटात तुटायचं. जगाच्या पोटाची काळजी वाहणारी बाई, आणि पोटच्या पोरीला एक फोड भरवता येत नाही, ह्याची लाजही वाटायची. दोन्हींतलं जास्त काय होतं, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

तशात एक दिवस जिन्यात पिशवी फाटली. ताई बाजारातून येत होत्या, मागे ठकू. सफरचंदं धडाधड पायऱ्या उतरत खाली गेली. ठकूला तर जत्राच मिळाली. ती हसत-ओरडत त्यांच्यामागे धावली. आवाज ऐकून आजोबा खाली आले, एकेक उचलून उजेडाकडे धरून पाहू लागले आणि हळहळू लागले. "अरेरे. हा गाल गेला. ह्याचं देठ गेलं. हे तर पार चेपलं."

"हे नापास का आजोबा?" ठकूने विचारलं.

"नापास, बाळा. सगळी नापास."

ताई वर पिशवीचे तुकडे गोळा करत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं तर ठकूच्या तोंडात सफरचंद! चांगला मोठा लचका तोडलेला, हनुवटीवर रस. आता कुठल्याही शहाण्या आईने इथे श्वास रोखून गप्प बसायचं. पण ताईंच्या डोळ्यांसमोर आला तो जिना. त्या जिन्यावरून सबंध इमारतीच्या चपला जायच्या.

"थुंक! थुंक आधी! जमिनीवरचं खातात का?" असं ओरडत ताई चार पायऱ्या एकदम उतरल्या. त्यांनी लचका बाहेर काढायला लावला, सफरचंद हिसकावलं, खाली पडलेली सगळी कचऱ्यात टाकली. मग पिशवीच्या तळाशी अडकून राहिलेलं एकमेव टकटकीत सफरचंद स्वच्छ धुऊन, पुसून ठकूच्या हातात दिलं. "हे घे. हे छान आहे बघ."

ठकूने ते दोन्ही हातांत घेतलं, सगळ्या बाजूंनी नीट पाहिलं आणि आजोबांच्या टोपलीत सगळ्यात वर नेऊन ठेवलं.

"बघितलंत? जमिनीवरचं खाईल, हातातलं नाही," ताई नवऱ्याला म्हणाल्या. "निव्वळ हट्ट आहे, दुसरं काही नाही."

नवऱ्याने मान डोलावली. तो सहसा मानच डोलवायचा.

आणि नेमकं ह्याच सुमाराला ठकूच्या शाळेतून बोलावणं आलं. पालकसभेत ताईंनी मुलांच्या आहारातल्या फळांवर बोलावं, असं मुख्याध्यापिकाबाईंना वाटत होतं. वर बाईंना एक कल्पनाही सुचली होती. भाषण संपलं की ठकूने सगळ्यांसमोर एक फळ खायचं. "आईची शिकवण मुलीच्या मुखी! पालकांवर काय परिणाम होईल, नाही का?" बाई म्हणाल्या. काय परिणाम होईल ते ताईंना तिथेच उभ्या उभ्या दिसलं, पण तोंडातून "वा, छान कल्पना" असं निघून गेलं. भिडस्त माणसाचं असंच होतं.

घरी हे कळल्यावर आजी म्हणाली, "आजारी पड." नवरा म्हणाला, "मी आजारी पडतो." आजोबा मात्र ताठ उठून उभे राहिले. सुनेच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

"सूनबाई, फळ माझ्यावर सोड. असं आणतो की पोरीच्याच काय, सगळ्या सभेच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

"बाबा, फवारा मात्र नको."

"थेंबसुद्धा नाही. तुझी शपथ."

मग आजोबांनी अख्खा बाजार पालथा घातला. फळवाले त्यांना पाहून पेट्या झाकायला लागले, इतकी त्यांनी उलथापालथ केली. शेवटी एक सफरचंद मिळालं. ते घरी आणून त्यांनी कोमट पाण्यात धुतलं, मऊ फडक्याने पुसलं, मग दुसऱ्या फडक्याने पुसलं. ठकू शेजारी बसून बघत होती आणि त्यांना फडकी देत होती. सभेच्या दिवशी त्यांनी ते कापसावर ठेवून डब्यातून शाळेत नेलं. डबा मांडीवर घेऊन ते पहिल्या रांगेत बसले.

ताईंचं भाषण झकास झालं. चोथा, साल, जीवनसत्त्वं, डब्यात बिस्किटांऐवजी केळं, रसाची बाटली आणि खरं फळ ह्यांतला फरक, सगळं सगळं आलं. पालक लिहून घेत होते. ताईंना स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, कारण त्यांचं सगळं लक्ष आजोबांच्या मांडीवरच्या डब्याकडे होतं.

"आणि आता," मुख्याध्यापिकाबाई माइकशी आल्या, "आपल्या ताईंची कन्या!"

ठकू वर आली. आजोबांनी डबा उघडला. सभागृहात खरोखरच "अहाहा" झालं. असं सफरचंद त्या शाळेने पाहिलं नव्हतं. ठकूने ते अलगद, खालून तळहात देऊन धरलं, आजोबा धरतात तसं. आणि ती उभी राहिली.

सगळे वाट पाहू लागले. बाई हसल्या. ताई हसल्या. ठकूसुद्धा हसली, पण तोंड काही उघडेना. पालकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी वही मिटली. मागच्या रांगेत तो जाडजूड कंत्राटदार बसला होता. त्याचा नातू ह्याच शाळेत होता, हे ताईंना आत्ताच कळत होतं.

"खा ना बाळ," बाईंनी माइक ठकूच्या तोंडाशी धरला. "का नाही खात?"

"हा हिरो आहे," ठकू म्हणाली. माइकमधून ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "हिरोला खात नाहीत."

खसखस पिकली. बाईंचा चेहरा पडला, तरी त्यांनी नेटाने विचारलं, "मग कुणाला खातात?"

"नापासला," ठकू म्हणाली. असं काय विचारता, अशा सुरात ती म्हणाली. "स्टुडिओत मी आणि आजोबा नापास खायचो. आता घरात नापास येतच नाही. आई सगळे हिरोच आणते."

ताईंना तो जिना आठवला. हनुवटीवरचा तो रस आठवला, आणि आपणच ओरडलो होतो "थुंक" म्हणून, तेही आठवलं. मंडईत डाग असलेलं एकेक फळ बाजूला सारून त्या निवडून निवडून टकटकीत फळं घेत आल्या होत्या, पोरीला चांगल्यातलं चांगलं मिळावं म्हणून. पोरीने हट्ट केलाच नव्हता. ती आपली घरचा कायदा पाळत होती, तोही मोठ्यांपेक्षा नीट.

ताई मंचाच्या कडेला आल्या आणि वाकून हळूच म्हणाल्या, "बाबा, तुम्ही स्टुडिओत फळं खायचात?"

"छे गं," आजोबा चक्रावून म्हणाले. "ते काय फळ खाणं? उरलंसुरलं तोंडात टाकायचं. ते आवरणं झालं."

"वर या. ह्याला नापास करा."

आजोबांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मंचावर आले, ठकूच्या हातातून सफरचंद घेतलं आणि ते बोटांनी सावकाश फिरवलं. कुठे डाग नाही, ओरखडा नाही, देठ सरळ, त्याला एक हिरवं पान. जन्मभर त्यांनी असल्या फळाला माशी बसू दिली नव्हती.

"सूनबाई, एवढं मिळत नाही गं," ते कळवळून म्हणाले.

ठकू त्यांच्याकडे बघत होती. सकाळी रडून तिचे डोळे अजून सुजलेले होते. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग सफरचंदाकडे पाहिलं, हात डोक्याएवढा वर नेला आणि सोडून दिला.

माइक जवळच होता. धप्प असा मोठा आवाज झाला. सफरचंद एकदा उडालं, गडगडत टेबलाच्या पायाशी जाऊन थांबलं. आजोबांनी वाकून ते उचललं. एक गाल पार चेपला होता आणि पान मोडलं होतं. आजोबांनी सवयीने ते उजेडाकडे धरलं आणि निकाल दिला, "नापास."

ताई पुढे झाल्या. पर्समधल्या पाण्याच्या बाटलीने त्यांनी ते मंचाच्या कोपऱ्यातल्या कुंडीवर खळखळून धुतलं, कारण शेवटी त्या ताईच होत्या. पण पुसलं नाही. ओलं, चेपलेलं सफरचंद त्यांनी ठकूच्या हातात दिलं आणि ह्या वेळी खरंच श्वास रोखून गप्प बसल्या.

करकर करत ठकूने चावा घेतला. मग दुसरा. मग तिसरा, सालीसकट. रस कोपरापर्यंत ओघळला. पालकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातली सगळ्यात जोराची टाळी त्या कंत्राटदाराची होती. ताईंनी तोंड पदराने पुसण्याचं निमित्त करून डोळे पुसले. ठकूला टाळ्यांचं काही नव्हतं. अर्धं संपल्यावर तिने सफरचंद आजोबांपुढे धरलं.

"आता तुम्ही. आपण अर्धं अर्धं करायचो ना?"

आजोबांनी चावा घेतला. बाईंनी मोबाइल वर करून फोटो काढला, तोही खिडकीच्या उलट्या उजेडात, आणि आजोबा चक्क काहीही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीपासून ताई फळवाल्याकडे डागाळलेली फळं मागू लागल्या. त्याने आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या पर्सकडे पाहिलं आणि तब्येतीची चौकशी केली. टोपली पहिल्यासारखी देखणी राहिली नाही, पण रिकामी होऊ लागली. नवरासुद्धा येता-जाता एखादं वाकडं केळं उचलायला लागला, मान न डोलवता. आजीने मात्र काही दिवस दुरूनच पाहिलं. एका चेपलेल्या संत्र्याचा आधी नीट वास घेतला, मग एक फोड तोंडात टाकली आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "हे तेव्हाच आणायला काय झालं होतं?"

आठवडा गेला असेल. सकाळी दाराबाहेर सभा भरली होती. आजोबा स्टुलावर, आजीचा कान दाराला, पप्पांच्या गालाला साबण, ताईंच्या खांद्याला पर्स. "झाली का गं?" कुणी विचारण्याआधीच आतून भसाभसा पाणी सोडल्याचा आवाज आला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजीने हर्षभराने आजोबांच्या पाठीत धपाटा घातला. ताई भिंतीला टेकल्या आणि एकटक दाराकडे पाहत राहिल्या.

ठकू बाहेर आली. सभेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. हात धुतले, सरळ टोपलीपाशी गेली आणि त्यातलं एक गुळगुळीत, कुठूनसं निसटून आलेलं धडधाकट सफरचंद उचलून आजोबांपुढे धरलं.

"आजोबा," ती म्हणाली, "हे तुम्ही पाडताय की मी पाडू?"